सी प्रोग्रॅममधून ओळखा: यंत्र आत्ता कोणत्या वाय-फायवर आहे?

घरच्या वाय-फायवर असतानाच बॅकअप सुरू व्हावा. कॉलेजच्या नेटवर्कवर गेल्यावर प्रॉक्सी लागावी. रास्पबेरी पायला जोडलेल्या छोट्या पडद्यावर चालू नेटवर्कचे नाव दिसावे. या सगळ्या कामांच्या मुळाशी प्रश्न एकच असतो: आपले यंत्र या क्षणी कोणत्या वायरलेस नेटवर्कला जोडलेले आहे? सी नुकतीच शिकलेला विद्यार्थी इथे बहुधा पी-ओपन वापरून एखादी कमांड चालवतो आणि तिने छापलेल्या मजकुरातून नाव कापून घेतो.

ही वाट मी कुणालाच सुचवत नाही. ती कमांड दुसऱ्या यंत्रावर बसवलेली असेलच असे नाही. आयडब्ल्यूकॉन्फिग आणि आयडब्ल्यूगेटआयडी ही जुनी साधने अनेक नव्या लिनक्स यंत्रांवर मुळातच नसतात. छापील मजकुराची मांडणी आवृत्तीगणिक बदलू शकते, आणि नेटवर्कच्या नावातच अवतरणचिन्ह किंवा अपूर्णविराम असला की कापाकापी चुकते. शिवाय त्या कमांडसुद्धा उत्तर कर्नलकडूनच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडूनच, आणतात. मग आपणही थेट कर्नललाच विचारू. सीमध्ये ते अवघड नाही, आणि करताना सॉकेट, पॉइंटर, बफर हे सगळे विषय खऱ्या कामातून पक्के होतात.

हा लेख लिनक्ससाठी आहे. विंडोज आणि मॅकबद्दल पुढे थोडक्यात सांगितले आहे. फंक्शने, मॅक्रो आणि फाइली यांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, मॅक्रोंची नावे सगळी मोठ्या अक्षरांत, आणि जिथे अधोरेखा दिली आहे तिथे अधोरेखेसह लिहायची.

आधी हे दोन शब्द वेगळे करा

फोनमध्ये वाय-फायच्या यादीत दिसते ते नाव म्हणजे एसएसआयडी. ते ठेवणाऱ्याच्या मर्जीचे असते. ज्या राउटरशी किंवा ॲक्सेस पॉइंटशी आपला रेडिओ प्रत्यक्ष बोलत असतो त्याचा ६ बाइटांचा पत्ता म्हणजे बीएसएसआयडी. एकाच नावाखाली अनेक ॲक्सेस पॉइंट असू शकतात. कॉलेजच्या इमारतीत एका मजल्यावरून दुसऱ्यावर गेलात तर नाव तेच राहते, पण बीएसएसआयडी बदलतो.

रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल हिने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवरचे मोफत वाय-फाय सुरू केले. आज ते देशातल्या सहा हजारांहून अधिक स्टेशनांवर आहे. रेलवायर हे या सेवेचे नाव दिसले म्हणून प्रोग्रॅमला स्टेशन कोणते हे कळत नाही. विद्यापीठे आणि संशोधन संस्थांमधल्या एड्युरोम या वाय-फाय सेवेचेही तसेच. भारतात ती सेवा अर्नेट चालवते आणि जगभरच्या संस्थांमध्ये तिचे नाव एकच असते. त्यामुळे आपल्याला नेटवर्कचे नाव हवे आहे की नेमका ॲक्सेस पॉइंट, हे कोड लिहायला बसण्याआधी ठरवा.

तुमच्या यंत्राला वाय-फाय दिसते का?

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि दोष कोडचा नसतो. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएल-२ मध्ये लिनक्स चालवत असाल, तर त्या लिनक्सला लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड दिसतच नाही. त्याला एक आभासी तारेचे नेटवर्क दिसते. व्हर्च्युअलबॉक्समध्येही तेच. डॉकरच्या कंटेनरला स्वतःची वेगळी नेटवर्क जागा मिळते, म्हणून तिथेही वाय-फायचा इंटरफेस सापडत नाही. अशा ठिकाणी कोड कितीही बरोबर असला तरी उत्तर नकारार्थीच येईल.

म्हणून थेट यंत्रावर चढवलेले लिनक्स घ्या, किंवा रास्पबेरी पाय. वर्च्युअल मशीनशिवाय इलाज नसेल, तर यूएसबीचा वाय-फाय डोंगल त्या मशीनला थेट जोडून देता येतो. दुसराही एक सुंदर उपाय आहे: कर्नलमधले मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल. ते खऱ्या हार्डवेअरशिवाय खोटे वाय-फाय रेडिओ तयार करते. रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता होऊन, मॉडप्रोबने ते चढवताना रेडिओज=२ असे सांगितले की दोन रेडिओ मिळतात. एकावर होस्टएपीडीने ॲक्सेस पॉइंट उभारायचा आणि दुसरा डब्ल्यूपीए_सप्लिकंटने त्याला जोडायचा. सरावासाठी याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

पायरी १: इंटरफेसचे नाव शोधा

बरीच उदाहरणे डब्ल्यूलॅन० हे नाव कोडमध्ये कोंबून टाकतात. रास्पबेरी पायवर ते चालून जाते. लॅपटॉपवर मात्र इंटरफेसचे नाव बहुधा डब्ल्यूएलपी३एस० अशा धर्तीचे असते, कारण सिस्टमडी ते कार्ड कोणत्या बसवर, कोणत्या खाचेत आहे यावरून ठरवते. तेव्हा नाव गृहीत धरू नका, शोधा.

शोधायची सोपी जागा म्हणजे /सिस/क्लास/नेट ही डिरेक्टरी. तिथे प्रत्येक इंटरफेसच्या नावाची एक नोंद असते. ओपनडिर आणि रीडडिर वापरून त्या नोंदींतून फिरा, बिंदूने सुरू होणाऱ्या नोंदी सोडा, आणि प्रत्येकीच्या आत फाय८०२११ या नावाची नोंद आहे का ते ॲक्सेस या फंक्शनने तपासा. असेल तर तो वायरलेस इंटरफेस. तिथेच वायरलेस नावाची डिरेक्टरीही दिसू शकते, पण ती जुन्या स्क्रिप्टांच्या सोयीपुरती ठेवलेली, रिकामी असते. म्हणून भरवसा फाय८०२११ वर ठेवा.

एकाहून अधिक इंटरफेस सापडले तर पहिलाच उचलून थांबू नका. लॅपटॉपमध्ये आतले कार्ड आणि बाहेरचा डोंगल दोन्ही असू शकतात, आणि जोडणी त्यांतल्या एकावरच असू शकते. सगळ्यांना विचारा.

पायरी २: एका आयऑक्टलमध्ये नाव मिळवा

लिनक्समध्ये वायरलेस कार्डाशी बोलायच्या दोन पद्धती आहेत. जुनीला वायरलेस एक्स्टेन्शन्स म्हणतात. तिची रचना ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या ज्यां तुरिये यांनी केली. नवीचे नाव एनएल८०२११, तिच्यामागे योहानेस बर्ग हे नाव ठळक आहे. शिकायला जुनी सोपी, कारण आयऑक्टल या एकाच सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे कर्नलला केलेल्या एका विनंतीत, काम होते. टिकायला नवी हवी. म्हणून आधी जुनी हाताखालून घालू आणि मग नवीकडे जाऊ.

हेडर फाइलींमध्ये सिस/सॉकेट, सिस/आयऑक्टल आणि लिनक्स/वायरलेस या तीन लागतात, शिवाय नेहमीच्या स्ट्रिंग, एर्नो, युनिस्टडी, एसटीडीआयओ. सिस/सॉकेट ही लिनक्स/वायरलेसच्या आधी लिहा. नेट/आयएफ हीसुद्धा हवी असेल तर तीही आधीच येऊ द्या. क्रम उलटा झाला की काही प्रणालींवर एकच रचना दोनदा जाहीर झाल्याच्या तक्रारींची रांग लागते.

आता एक सॉकेट उघडा: एएफ_आयनेट, सॉक_डीग्रॅम, शून्य. या सॉकेटमधून एकही पॅकेट बाहेर जाणार नाही. कर्नलच्या नेटवर्क विभागाशी बोलायला एक फाइल डिस्क्रिप्टर हवा, एवढ्यासाठीच तो आहे. सॉकेटने ऋण किंमत परत केली तर तिथेच थांबा.

मग स्ट्रक्ट आयडब्ल्यूरेक (रेक म्हणजे आर-ई-क्यू) या प्रकारचा एक चल घ्या आणि मेमसेटने तो पूर्ण शून्य करा. त्याच्या आयएफआर_नेम या भागात इंटरफेसचे नाव भरायचे. ही जागा आयएफनेमसिझ म्हणजे १६ बाइटांची असते. शेवटचा बाइट शून्यासाठी सोडायचा, म्हणून स्ट्रएनकॉपीला १५ ही मर्यादा द्या.

नाव ठेवण्यासाठी ३३ बाइटांचा अनसाइन्ड कॅर प्रकारचा बफर घ्या आणि तोही शून्य करा. एसएसआयडी जास्तीत जास्त ३२ बाइटांचा असतो. हा आकडा आयडब्ल्यू_ईएसएसआयडी_मॅक्स_साइझ या मॅक्रोत दिलेला आहे. तेहेतिसावा बाइट शेवटच्या शून्यासाठी. आता यू.ईएसएसआयडी.पॉइंटर मध्ये बफरचा पत्ता, यू.ईएसएसआयडी.लेंग्थ मध्ये ३२, आणि यू.ईएसएसआयडी.फ्लॅग्ज मध्ये शून्य भरा.

बफर ३३ बाइटांचा असला तरी लांबी ३२ का सांगायची? खूप जुने प्रोग्रॅम शेवटचे शून्य धरून लांबी मोजत असत. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून कर्नलमध्ये एक तडजोड ठेवली आहे: लांबी नेमकी ३३ दिली की कर्नल समोरचा प्रोग्रॅम जुना समजतो आणि परत येणाऱ्या लांबीत एक जादा मिळवतो. मग नाव छापताना सगळे ठीक दिसते, पण तुलना करताना एक अदृश्य शून्य आडवे येते. ३२ सांगा, म्हणजे ही अडचण उद्भवतच नाही.

शेवटी आयऑक्टलला तीन गोष्टी द्या: सॉकेट, एसआयओसीजीआयडब्ल्यूईएसएसआयडी हा आदेश, आणि आपल्या रचनेचा पत्ता. हे लांबलचक नाव तोडून वाचले की लक्षात राहते. एसआयओसी म्हणजे सॉकेटचा आयऑक्टल, जी म्हणजे गेट, आयडब्ल्यू म्हणजे वायरलेस, आणि पुढे ईएसएसआयडी, म्हणजे या जुन्या पद्धतीत एसएसआयडीला दिलेले नाव. जी च्या जागी एस लिहिला तर तो वाचण्याऐवजी बदलण्याचा आदेश होतो, तेव्हा ते अक्षर दोनदा तपासा. नाव वाचायला रूटचे अधिकार लागत नाहीत. साध्या वापरकर्त्याला हे काम जमते आणि तसेच करावे.

पायरी ३: उत्तर नीट वाचा

आयऑक्टलने शून्य परत केले म्हणजे कॉल यशस्वी झाला, पण जोडणी आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. आधी यू.ईएसएसआयडी.फ्लॅग्ज पाहा. तो शून्य असेल तर नाव नाही. मग यू.ईएसएसआयडी.लेंग्थ पाहा. बफरमधले तेवढेच बाइट तुमचे आहेत.

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एसएसआयडी ही सीमधली स्ट्रिंग नव्हे. तो ० ते ३२ बाइटांचा एक समूह आहे. त्यात कोणतीही मूल्ये येऊ शकतात, मधेच शून्य बाइटसुद्धा. त्यामुळे स्ट्रलेन, स्ट्रसीएमपी आणि प्रिंटएफचा साधा टक्का-एस या तिघांना इथे थारा देऊ नका. तुलना करायची तर आधी लांबी जुळते का पाहा आणि मग मेमसीएमपी लावा.

मराठी माणसाने हा मुद्दा जास्तच ध्यानात ठेवावा, कारण आपण नेटवर्कला देवनागरीत नाव देऊ शकतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात. ‘आपले घर’ हे नाव १९ बाइटांचे होते: सहा चिन्हांचे १८ आणि मधल्या मोकळ्या जागेचा १. ‘महाराष्ट्र’ वाचायला लहान वाटते, पण त्यात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. ते जेमतेम बसते. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे ४९ बाइटांचे असल्याने बसणारच नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्याकडून नेटवर्कचे नाव घ्यायचे असेल, तर मर्यादा अक्षरांत न मोजता बाइटांत मोजा.

छापताना आणखी एक काळजी घ्यायची. शेजारच्या माणसाने नेटवर्कच्या नावात नव्या ओळीचा किंवा टर्मिनलचे रंग बदलणारा बाइट घातला असेल आणि तो तुम्ही जसाच्या तसा छापलात, तर तुमचा पडदा किंवा लॉग बिघडतो. म्हणून एकेक बाइट तपासा. मूल्य ३२ हून कमी किंवा १२७ असेल तर तो षोडशमान आकड्यात दाखवा, बाकीचे तसेच जाऊ द्या.

आणि इथेच अनसाइन्ड कॅर का घ्यायला सांगितले ते कळेल. इंटेल आणि एएमडीच्या लॅपटॉपवर साधा कॅर चिन्हासह असतो, तर रास्पबेरी पायच्या आर्म प्रोसेसरवर लिनक्समध्ये तो चिन्हाविना असतो. देवनागरीचे बाइट १२७ च्या पुढचे. साधा कॅर वापरलात तर लॅपटॉपवर ते ऋण ठरतील, ‘३२ हून कमी’ या अटीत सापडतील, आणि तुमचे मराठी नाव आकड्यांच्या जंजाळात दिसेल. तोच कोड पायवर बिनतक्रार चालेल. असा दोष शोधताना दिवस जातो.

आयफोनच्या हॉटस्पॉटवर चाचणी घेणार असाल तर त्याच्या आपोआप दिलेल्या इंग्रजी नावातले वळणदार अवतरणचिन्हही ध्यानात घ्या. कीबोर्डवरच्या साध्या चिन्हाहून ते वेगळे आहे आणि ३ बाइट घेते. हाताने टाइप केलेल्या नावाशी तुलना जुळली नाही तर आधी तिथे बघा.

पायरी ४: चुका वाचायला शिका

आयऑक्टलने उणे एक परत केले तर एर्नो काय सांगतो ते छापा. ‘काहीतरी चुकले’ असा संदेश कुणाच्याच कामाचा नसतो.

ई-नोडेव्ह, आकडा १९, म्हणजे त्या नावाचा इंटरफेसच नाही. ई-टू-बिग (खऱ्या नावात टू म्हणजे २ हा अंक), आकडा ७, म्हणजे लांबी भरायला विसरलात किंवा कमी भरलीत. ई-फॉल्ट, आकडा १४, म्हणजे बफरचा पत्ता चुकला. ई-ऑपनॉटसप, आकडा ९५, मात्र दोन अर्थांनी येतो. एक, तुम्ही तारेच्या इंटरफेसला वायरलेसचा प्रश्न विचारलात. दुसरा अर्थ नवा आहे: कार्ड वाय-फाय ७ चे आहे. २०२३ मधल्या ६.३ या कर्नलपासून, एका वेळी अनेक दुव्यांवर बोलू शकणाऱ्या या कार्डांना जुनी पद्धत जाणूनबुजून बंद केली आहे. इतर कार्डांवर ती चालते, पण कर्नलच्या नोंदींत इशारा उमटतो. या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज (खऱ्या नावात डी-एम-ई-एस-जी) या कमांडमध्ये तुमच्या प्रोग्रॅमच्या नावासह वायरलेस एक्स्टेन्शन्सचा उल्लेख दिसला तर तो हाच.

पायरी ५: जोडणी खरी आहे ना?

नाव मिळाले तरी जोडणी पूर्ण झालेली नसू शकते. कधीकधी जोडण्यासाठी ठरवून ठेवलेले नावच परत येते. खात्रीसाठी त्याच सॉकेटवर, त्याच प्रकारची ताजी रचना घेऊन एसआयओसीजीआयडब्ल्यूएपी हा आदेश द्या. उत्तर यू.एपी_ॲडर या सॉकॲडर रचनेत येते आणि तिच्या एसए_डेटा या भागातले पहिले ६ बाइट म्हणजे बीएसएसआयडी. ते सगळे शून्य असतील तर जोडणी नाही, मग नाव काहीही आलेले असो. पत्ता छापताना प्रत्येक बाइट अनसाइन्ड करून दोन आकडी षोडशमानात, मधे अपूर्णविराम देऊन छापा.

काम झाले की सॉकेट बंद करा. जीसीसीने बांधताना डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे पर्याय चालू ठेवा आणि एकही इशारा शिल्लक ठेवू नका. मिळालेले उत्तर आयडब्ल्यू या साधनाच्या डेव्ह, इंटरफेसचे नाव, लिंक या आदेशाशी ताडून पाहा. तपासणीसाठी कमांड जरूर वापरावी.

पायरी ६: टिकाऊ मार्ग, एनएल८०२११

दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम लिहीत असाल तर ही पायरी टाळू नका. इथे कर्नलशी बोलणे नेटलिंक सॉकेटवरून, छोट्या संदेशांत होते. प्रत्येक संदेशात एक आदेश आणि त्याला जोडलेली काही गुणवैशिष्ट्ये असतात. हे संदेश हाताने बांधता येतात, पण लिब-एनएल ही लायब्ररी ते काम नीट करते. डेबियन, उबंटू आणि रास्पबेरी पायवर लिब-एनएल-जीईएनएल-३-डेव्ह हे पॅकेज बसवा आणि कंपायलरला लागणारे पर्याय पीकेजी-कॉन्फिगकडून घ्या, कारण हेडर नेहमीच्या जागी नसून लिबएनएल३ या उपडिरेक्टरीत असतात.

सुरुवात अशी. एनएल_सॉकेट_अलॉक ने सॉकेट मिळवा, जीईएनएल_कनेक्ट ने जोडा, आणि जीईएनएल_कंट्रोल_रिझॉल्व्ह ला एनएल८०२११ हे नाव देऊन त्याचा क्रमांक विचारा. (या फंक्शनच्या खऱ्या नावात कंट्रोलचे संक्षिप्त रूप सी-टी-आर-एल असे आहे.) हा क्रमांक कर्नल चालू असताना ठरतो, म्हणून तो कोडमध्ये लिहून ठेवता येत नाही. उत्तर ऋण आले तर या यंत्रावर वाय-फायची यंत्रणाच चढलेली नाही.

पहिला प्रश्न एनएल८०२११_सीएमडी_गेट_इंटरफेस. एनएलएमएसजी_अलॉक ने संदेश घ्या, जीईएनएलएमएसजी_पुट ने त्यात वरचा क्रमांक आणि आदेश भरा, आणि एनएलए_पुट_यू३२ ने एनएल८०२११_ॲटर_इफइंडेक्स या नावाखाली इंटरफेसचा क्रमांक जोडा. हा क्रमांक इफ_नेमटूइंडेक्स देते. तिने शून्य दिले तर इंटरफेस नाही. एनएल_सेंड_ऑटो ने संदेश पाठवा आणि उत्तरासाठी एनएल_रेकव्हमेसेजेस_डिफॉल्ट बोलवा (खऱ्या नावात रेकव्ह म्हणजे आर-ई-सी-व्ही आणि मेसेजेस म्हणजे एम-एस-जी-एस). लिब-एनएल आपणहून पोचपावती मागते, त्यामुळे उत्तरानंतर एक पावतीचा संदेशही येतो. तो एनएल_वेट_फॉर_ॲक ने उचलून घ्या. नाहीतर पुढच्या प्रश्नाला मागची पावती मिळते आणि सगळा क्रम एका घराने सरकतो.

उत्तर हाताळायला आधीच एक कॉलबॅक फंक्शन लावून ठेवायचे: एनएल_सॉकेट_मॉडिफाय_सीबी, प्रकार एनएल_सीबी_व्हॅलिड, पद्धत एनएल_सीबी_कस्टम. त्या फंक्शनात एनएलए_पार्स ने गुणवैशिष्ट्यांचा तक्ता बनवा आणि एनएल८०२११_ॲटर_एसएसआयडी ची जागा पाहा. तिथे नलपेक्षा वेगळे काही असेल तर एनएलए_डेटा हे नाव आणि एनएलए_लेन ही त्याची लांबी. तक्त्यातली जागा नल आहे का हे न बघता तिच्यात हात घालणे, या कोडमधले सर्वाधिक क्रॅश त्यातून होतात.

ही जागा प्रत्येक कर्नलवर भरलेली मिळत नाही. ६.० च्या आसपासच्या कर्नलांमध्ये जोडणी असूनही ती रिकामी येते. म्हणून दुसरा प्रश्न हाताशी ठेवा: एनएल८०२११_सीएमडी_गेट_स्कॅन, त्याला एनएलएम_एफ_डम्प हा झेंडा लावून. हा आदेश नवे स्कॅन करत नाही, कर्नलने साठवलेली यादीच देतो, म्हणून यालाही रूट लागत नाही. यादीतल्या प्रत्येक नेटवर्कसाठी कॉलबॅक एकदा बोलावला जातो. आत एनएल८०२११_ॲटर_बीएसएस ही पेटी असते. ती एनएलए_पार्स_नेस्टेड ने उघडा. ज्या नोंदीत एनएल८०२११_बीएसएस_स्टेटस आहे आणि त्याचे मूल्य असोसिएटेड म्हणजे १ आहे, तीच तुमची चालू जोडणी. बाकीच्या सोडून द्या. त्याच नोंदीत एनएल८०२११_बीएसएस_बीएसएसआयडी मध्ये ६ बाइटांचा पत्ताही मिळतो, वेगळा प्रश्न लागत नाही.

नाव मात्र एनएल८०२११_बीएसएस_इन्फर्मेशन_एलिमेंट्स या कच्च्या बाइटांत दडलेले असते. त्यांची मांडणी मालगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक: पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी, मग तेवढे बाइट माल, आणि पुन्हा पुढचा डबा. प्रकार ० म्हणजे एसएसआयडी. यातून फिरताना प्रत्येक पावलावर दोन तपासण्या हव्यात: शिल्लक किमान २ बाइट आहेत का, आणि सांगितलेली लांबी शिल्लक बाइटांत मावते का. हे बाइट हवेतून आलेले आहेत, कुणीही काहीही पाठवू शकते. या दोन अटी गाळलेला कोड मी कुणालाही चालवू देणार नाही. लांबी ३२ पेक्षा जास्त निघाली तरी नाव घेऊ नका.

ज्या नेटवर्कचे नाव लपवलेले आहे त्याच्या नोंदीत हा डबा रिकामा किंवा शून्यांनी भरलेला असू शकतो. म्हणूनच गेट_इंटरफेस आधी आणि गेट_स्कॅन नंतर, हा क्रम सांभाळा.

जोडणी बदलली की लगेच कळावे असे वाटत असेल तर दर सेकंदाला विचारत बसू नका. एनएल८०२११ चा एमएलएमई नावाचा गट असतो. त्याचे सदस्यत्व घेतले की जोडणी, तोड आणि एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाणे या घटना कनेक्ट, डिस्कनेक्ट आणि रोम अशा आदेशांच्या रूपाने आपोआप येतात. सुरुवातीला एकदा विचारा आणि मग ऐकत राहा. पायसारख्या लहान यंत्राची वीजही वाचते.

विंडोज आणि मॅकवर

विंडोजवर डब्ल्यूलॅन-एपीआय ही लायब्ररी आहे. डब्ल्यूलॅन-ओपन-हँडल, मग डब्ल्यूलॅन-एनम-इंटरफेसेस, मग डब्ल्यूलॅन-क्वेरी-इंटरफेस ला चालू जोडणी हवी असे सांगायचे. नाव डॉट११एसएसआयडी या रचनेत येते. तिथेही लांबी वेगळी आणि ३२ बाइट वेगळे, म्हणजे पायरी ३ मधले सगळे लागू. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून यासाठी स्थान वापरण्याची परवानगी लागते. ती नसेल तर प्रवेश नाकारल्याची चूक येते. मॅकवर कोअर-डब्ल्यूलॅन ऑब्जेक्टिव्ह-सीमधून वापरावे लागते आणि तिथेही स्थानाची परवानगी हवी.

ही परवानगी उगाच मागितलेली नाही. बीएसएसआयडीवरून जागा शोधून देणाऱ्या सेवा आहेत, म्हणजे तो पत्ता उघड करणे जवळपास घरचा पत्ता उघड करण्यासारखे आहे. लिनक्सवर कुणी परवानगी विचारत नाही, म्हणून ती जबाबदारी आपली. लॉगमध्ये बीएसएसआयडी लिहू नका, आणि मदतीसाठी प्रोग्रॅमचे छापील उत्तर कुणाला पाठवताना तो पुसून पाठवा.

नावावर किती विसंबायचे

स्टेशनवर कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला तिथल्या मोफत सेवेचे नाव देऊ शकतो. बीएसएसआयडीही खोटा लावता येतो. तेव्हा बॅकअप सुरू करणे, पडद्यावर नाव दाखवणे, प्रॉक्सी बदलणे यांसाठी एसएसआयडी पुरेसा आहे. पासवर्ड पाठवणे, फाइली उघड्या करणे, फायरवॉल उतरवणे यांसाठी कधीच नाही. तिथे समोरच्या सर्व्हरची ओळख प्रमाणपत्राने तपासायला हवी, मग खालचे नेटवर्क कोणतेही असो.

तुम्हाला वापरकर्त्याने जोडणीला दिलेले नाव हवे असेल, उदाहरणार्थ ‘ऑफिस’ किंवा ‘आजोळ’, तर ते कर्नलला माहीत नसते. ते जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅमकडे असते आणि डी-बस या प्रोग्रॅमांमधल्या निरोपयंत्रणेवरून किंवा लिब-एनएम या लायब्ररीने विचारावे लागते. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमसाठी तो रस्ता चांगला आहे. पायवर किंवा लहान यंत्रावर नेटवर्कमॅनेजर असेलच असे नाही, तिथे वरचाच मार्ग.

चाचणी कशी घ्याल

फोनचा हॉटस्पॉट हे उत्तम साधन आहे, कारण त्याचे नाव हवे तसे बदलता येते. एकदा साधे इंग्रजी नाव ठेवा, एकदा ‘आपले घर’, एकदा पूर्ण ३२ इंग्रजी अक्षरांचे. शेवटच्या नावाने बफरची मर्यादा बरोबर आहे का ते कळते. मग प्रोग्रॅम चालू असताना हॉटस्पॉट बंद करा आणि ‘जोडणी नाही’ असे स्वच्छ उत्तर येते का पाहा. वाय-फायच बंद करून पाहा. इंटरफेसचे नाव मुद्दाम चुकीचे द्या. तारेचा इंटरफेस देऊन ९५ येतो का ते बघा. हे सगळे जीसीसीचा ॲड्रेस सॅनिटायझर चालू ठेवून करा, कारण बाइटांच्या सीमा ओलांडल्या गेल्या तर तो त्या ओळीवरच बोट ठेवतो.